गुन्हेगार पूर्वज आणि कोर्टाचे कागद

खराडी म्हटले की आता आयटी पार्कच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. १९९७ साली पुणे महापालिकेत येण्यापूर्वी खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे, नगर रस्त्यालगतचे शेतीचे गाव होते. या रस्त्याने शहराकडे निघाले की चंदननगर, वडगावशेरी मागे टाकून येरवडा लागतो. उलट दिशेने गेले की वाघोली, शिक्रापूर आणि पुढे सारा शिरूर तालुका. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे 'गुन्हे' इतिहासात नोंदलेले आहेत. शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर फेब्रुवारी १८७९ मध्ये दरोडा पडला. येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी चार जणांना खुनाच्या आरोपाखाली फाशी देण्यात आले. धामारीच्या दरोड्याचे पुढारी होते वासुदेव बळवंत फडके. फासावर गेलेल्या चौघांपैकी एक होते अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कोर्टाच्या कागदात पहिले दरोडेखोर आहेत आणि दुसरे खुनी. शाळेच्या पुस्तकात पहिले आद्य क्रांतिकारक आहेत आणि दुसरे हुतात्मा.

ही उदाहरणे मोठ्या माणसांची झाली. पण आपल्या घराण्यातल्या एखाद्या साध्या माणसाचे नाव अशा कागदात असेल तर? पुष्कळ घरांत असे एक नाव असते. दादी-नानी ते नाव आले की आवाज खाली आणतात. "ते सजा काटून आले होते," एवढेच कधीतरी कानावर पडते. पुढे कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. अलीकडे मात्र असे जुने कागद शोधण्याची इच्छा तरुणांत वाढली आहे. काहींना घराण्याचा इतिहास हवा असतो. काहींना जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांचा पुरावा हवा असतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दाखल्यांच्या मोसमात पालकांशी बोलताना हा विषय हमखास निघतो, आणि प्रत्येक वेळी एकच भीती दिसते. कागद काढला आणि त्यात भलतेच काही निघाले तर? या भीतीबद्दल इतिहासाच्या आधाराने काही विचार करावा, म्हणून हा लेख.

कागद असतात कुठे?

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता अमलात आली आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहितेने तिची जागा घेतली. म्हणजे आपल्या चार-पाच पिढ्यांतले बहुतेक खटले या एकाच कायद्याच्या कलमांखाली चालले. त्याआधी मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळातले १८२७ चे नियम चालत. मुंबई हायकोर्टही १८६२ सालचेच.

जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या खटल्यांचे कागद असतात. मात्र सगळेच कागद कायम जपले जात नाहीत. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा याची मुदत ठरलेली असते. साक्षीपुरावे, अर्ज, समन्स हे आधी निकालात निघतात. निकालपत्र आणि नोंदवह्या तुलनेने जास्त टिकतात. इलाख्याच्या सरकारी दप्तरांसाठी मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, आणि पुण्यात पेशवे दप्तर म्हणून ओळखले जाणारे पुरालेखागार आहे. याशिवाय तुरुंगाच्या वह्या, पोलीस ठाण्याच्या गावनिहाय गुन्हे नोंदवह्या आणि सरकारी गॅझेटे ही आणखी काही ठिकाणे.

कागद हाती आला तरी तो वाचता आला पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी मराठी नोंदी मोडी लिपीत असत. निकालपत्र इंग्रजीत असे. आरोपी घरात बोलतो ती दखनी, जबाब लिहिला जातो मराठीत, आणि साहेबापुढे जातो त्याचा इंग्रजी तर्जुमा. या तीन पायऱ्या उतरताना माणसाचे किती बोलणे शिल्लक राहत असेल, याचा अंदाज भाषा शिकवणाऱ्या कोणालाही करता येईल. नावांची तर दैनाच असते. शेख, सय्यद, पठाण ही नावे इतकी एकसारखी, आणि इंग्रजीत त्यांचे हिज्जे इतके वेगवेगळे, की वडिलांचे नाव आणि गाव जुळल्याशिवाय हा आपलाच माणूस असे म्हणू नये. 'वल्द' या शब्दापुढे जे नाव असते तेच खरी किल्ली.

आणखी एक गोष्ट. दंडसंहितेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे नाण्यांविषयीच्या आणि मालमत्तेविषयीच्या गंभीर गुन्ह्यांत आधी शिक्षा झालेली असेल, तर पुढची शिक्षा वाढवता येई. त्यामुळे पोलीस आरोपीचा मागचा सारा हिशेब कागदावर आणत. त्या काळी एकाच नावाच्या दोन माणसांत फरक करण्यासाठी बोटांचे ठसे वापरात आले. १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. ते ठसे लावून ठेवण्याची आणि शोधण्याची जी पद्धत हेन्रीसाहेबांच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांची मेहनत होती. म्हणजे सरकारने पकडण्यासाठी जमवलेली माहिती आज वंशजाला ओळख पटवायला उपयोगी पडते. वडिलांचे नाव, गाव, वय, धंदा, अंगावरची खूण, हे सारे एखाद्या गरीब माणसाबद्दल दुसरीकडे कुठे लिहिलेले सापडणार? ज्यांच्याकडे जमीन नव्हती, वतन नव्हते, सनद नव्हती, त्यांचे नाव सरकारी कागदावर येण्याचे एक मुख्य ठिकाण कोर्टच होते.

सोलापूरचा खटला

आता कुर्बान हुसेन यांचा खटला पाहू. ५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाली. ही बातमी पोचताच सोलापूरच्या गिरणी कामगारांनी हरताळ पाळला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटवली, कोर्टाची इमारत पेटवली. दोन पोलीस शिपाई मारले गेले. १२ मे रोजी सरकारने शहरात मार्शल लॉ पुकारला आणि जून अखेरपर्यंत सोलापूर लष्कराच्या ताब्यात राहिले. शिपायांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. कुर्बान हुसेन विशीतले तरुण होते, कामगारांचे पुढारी होते आणि 'गझनफर' नावाचे पत्र चालवत होते.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्यांच्या अटकेवरून हे सारे घडले ते गांधीजी त्या वेळी येरवड्याच्याच तुरुंगात होते. २६ जानेवारी १९३१ ला त्यांची सुटका झाली. सोलापूरच्या चौघांना त्याआधी दोनच आठवडे त्याच तुरुंगात फाशी झाली. गांधीजींवर मात्र त्या वेळी कोणताही खटला भरलेला नव्हता. १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, कोर्टापुढे उभे न करताच सरकारने त्यांना अडकवून ठेवले होते. म्हणजे १९३० सालच्या कोर्टाच्या कागदांत कोणी गांधीजींना आरोपी म्हणून शोधू लागला तर त्यांचे नाव सापडणार नाही. कुर्बान हुसेन मात्र खुनाचे आरोपी म्हणून सापडतील. नुसत्या कोर्टाच्या कागदावर भिस्त ठेवली तर इतिहास असा उलटा दिसतो.

म्हणून तो कागद खोटा असे म्हणायचे का? तसेही नाही. दोन शिपाई मेले ही गोष्ट खरीच आहे. तेही कुणाचे तरी बाप, कुणाचे तरी मुलगे असतील. प्रश्न आहे तो त्यांच्या मरणाची जबाबदारी नेमकी कोणाची ठरली, कशी ठरली, आणि शहर लष्कराच्या ताब्यातून गेलेले असताना ठरली, हा. आज सोलापुरात चौघांचे पुतळे असलेला हुतात्मा चौक आहे. त्या चौकातून जाणाऱ्यांपैकी कोणी त्या खटल्याचे निकालपत्र वाचून नमस्कार करत नाही. समाजाने आपला निकाल वेगळा दिला आणि तो टिकला.

एक खटला, दोन वारसे

आता आपल्या नगर रस्त्याकडे परत येऊ. फडक्यांच्या बंडात त्यांच्याबरोबर प्रामुख्याने रामोशी होते. दौलतराव नाईक हे त्यांचे मुख्य साथीदार, ते मे १८७९ मध्ये मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना मारले गेले. पुढे फडके निजामाच्या मुलखात गेले आणि रोहिल्यांची फौज उभारण्याच्या खटपटीला लागले. जुलै १८७९ मध्ये त्यांना पकडणाऱ्यांत डॅनियलबरोबर हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक होते. म्हणजे या एकाच प्रकरणात बंडखोराच्या बाजूला मुसलमान आहेत आणि पकडणाऱ्याच्या बाजूलाही आहेत. पुण्यात खटला चालला तेव्हा सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, त्यांचे वकीलपत्र घेतले. सेशन्समध्ये महादेव चिमाजी आपटे उभे राहिले. जन्मठेप झाली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात फडके वारले.

पोलिसांनी पकडलेली त्यांची रोजनिशी पुढे मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात, १९५७ साली, इंग्रजी तर्जुम्यात छापली. त्यामुळे आरोपीचे म्हणणे आरोपीच्याच शब्दांत आपल्याला मिळते. ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. उर्दूत असे एक उदाहरण मौलाना जाफर थानेसरी यांचे आहे. १८६४ च्या अंबाला खटल्यात त्यांना फाशी सुनावली गेली, मग ती बदलून काळे पाणी झाले. १८८३ साली अंदमानातून परतल्यावर त्यांनी आपली हकिकत लिहिली. 'काला पानी' या नावाने ते पुस्तक उर्दू वाचकांना परिचित आहे. पण थानेसरी लिहू शकत होते, फडके लिहू शकत होते. फडक्यांच्या बरोबरचे रामोशी लिहू शकत नव्हते. त्यांचे म्हणणे म्हणून जे उरले ते पोलिसांच्या कारकुनाने लिहिलेले.

परिणाम काय झाला ते पाहा. पुण्यात संगमपुलाजवळ फडक्यांचे स्मारक झाले, आणि ते योग्यच झाले. पण त्याच बंडात, त्याच दरोड्यात, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली रामोशी जमात पुढे इंग्रजांच्या यादीत 'गुन्हेगार जमात' म्हणून गणली गेली. उमाजी नाईक त्याच जमातीचे, त्यांनाही पुण्यातच फाशी झाली. गुन्हा एक आणि खटला एक, तरी पुढाऱ्याच्या वाट्याला स्मारक आले आणि साथीदारांच्या नातवांना पोलीस पाटलाची हजेरी. माणूस गुन्हेगार ठरतो तो काय केले यावरून, की तो कोण आहे यावरून, हा प्रश्न येथे उघड होतो.

ज्या शिक्षेचा खटलाच झाला नाही

याच प्रश्नाचे मुस्लिम समाजातले उत्तर म्हणजे छप्परबंद. विजापूर, सोलापूर, पुणे या पट्ट्यात ही जमात आहे. मोगल फौजेच्या छावणीत गवताची छपरे शाकारणारे म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. फौजा गेल्या, छावण्या गेल्या, तसे कामही गेले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये आणि मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांच्या १९०८ च्या पुस्तकात छप्परबंदांचे वर्णन आहे ते असे: हे लोक फकिराच्या वेशात हिंडतात, मातीच्या साच्यात खोटी नाणी पाडतात, आणि दुकानदाराशी नाण्यांची अदलाबदल करताना ती खपवतात.

यातले काही खटले खरे असणार. खोटी नाणी पाडल्याबद्दल छप्परबंदांना शिक्षा झाल्या, आणि २३१, २३२ या कलमांखालचे निकाल कोणाच्या घराण्याच्या वाट्याला आले असतील. पण केनेडींचे पुस्तक ज्या वर्गाचे आहे त्या पुस्तकांत अमुक माणसाने अमुक दिवशी नाणे पाडले असे येत नाही; 'छप्परबंद' नाणी पाडतो असे येते. जो छप्परे शाकारतो, शेतात राबतो, मजुरी करतो, तोही त्या वाक्यात धरला जातो.

हे केवळ पुस्तकात राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. तो सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला, आणि १९२४ साली पुन्हा नव्याने केला गेला. सरकारने गॅझेटात एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्या माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, गावाबाहेर जायचे तर परवानगी घ्यायला लावायची. पुढची पायरी सेटलमेंटची. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर येथे तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या. सोलापूरच्या वसाहतीतले लोक कापडगिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. मुलांना आई-बापांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद कायद्यात होती.

आता कोर्टाच्या कागदांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने एकदा जाहीर केले, की त्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न कोणत्याही कोर्टात उपस्थित करता येणार नाही, असे हा कायदाच सांगत होता. म्हणजे छप्परबंद घराण्यातला एखादा नातू कोर्टाच्या दप्तरात आजोबांना शोधू लागला तर त्याला काय मिळेल? हजेरी चुकवल्याबद्दल शिक्षा, परवानगीशिवाय परगावी गेल्याबद्दल शिक्षा, असले खटले मिळतील. परगावी जाण्याचे कारण बहिणीचे लग्न असेल, मयत असेल, मजुरी असेल. ते कारण नोंदले जाईलच असे नाही. आणि जी सर्वांत मोठी शिक्षा, म्हणजे जन्मतःच गुन्हेगार ठरणे, तिचे निकालपत्र त्याला कधीच मिळणार नाही. कारण तो खटला कधी उभाच राहिला नाही. त्यात फिर्यादी नाही, साक्षीदार नाही, बचावाचा वकील नाही, अपील नाही. गॅझेटातली एक ओळ, एवढाच काय तो कागद.

येथे मला वाटते, पूर्वजाचा गुन्हा शोधणाऱ्याने पहिला प्रश्न 'काय केले?' हा न विचारता 'कोणत्या कायद्याखाली?' हा विचारावा. कलम खुनाचे आहे, चोरीचे आहे, राजद्रोहाचे आहे, की हजेरीचे? दुसरा प्रश्न: कागदात बोलतो आहे कोण? आरोपी, फिर्यादी, फौजदार की तर्जुमा करणारा कारकून? आणि तिसरा: त्या माणसाची बायको-मुले पुढे कशी जगली? हा तिसरा प्रश्न कोणत्याच कागदात नसतो. तो दादी-नानीलाच विचारावा लागतो.

गुन्हा खराच असेल तर?

आपल्याकडे अशा शोधात दोन टोके दिसतात. एक तर नाव दडवायचे. नाहीतर, सापडलेला प्रत्येक कैदी इंग्रजांविरुद्ध लढलाच होता असे म्हणायचे. दुसरे टोकही पहिल्याइतकेच गैर आहे. शेजाऱ्याचे बैल चोरणारा, भाऊबंदाच्या डोक्यात काठी घालणारा, बायकोला मारणारा असाही माणूस आपल्या वंशात असू शकतो. ज्याचे बैल गेले त्याचेही घराणे होते. निकालपत्र नीट वाचल्यावर गुन्हा खरा वाटला तर तो खरा म्हणावा. बापाचा गुन्हा मुलाच्या नावावर चढत नाही, ही तर आपल्या दीनचीही शिकवण आहे. मग पणतवाने कोणती लाज बाळगायची?

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने तेथे १,६०,००० हून अधिक कैदी पाठवले. भाकरीसारख्या किरकोळ चोऱ्या करणाऱ्यांपासून अट्टल गुन्हेगारांपर्यंत सारे त्यात होते. कैद्याचे वंशज असणे हा तेथे कित्येक पिढ्या कलंक मानला गेला, घराण्याच्या हकिकती दडवल्या गेल्या. आता तेच लोक अभिमानाने कैदी पूर्वजाचे नाव शोधतात. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे सुमारे १,९७,००० खटले संगणकावर घरबसल्या वाचता येतात. ते काम २००३ साली सुरू झाले. आपल्याकडे मात्र जुने कोर्टकागद अजून कपड्याच्या बस्त्यांत आणि वाळवीच्या भरवशावर आहेत.

पण एक फरक विसरून चालणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या कैद्याचा नातू कैदी राहिला नाही. आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा गेला तरी संशय गेला नाही. गावात चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालावर पोलीस जातात, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली मराठी वाचकाला सांगितले. त्यात छप्परबंदाचे नाव मुसलमानाचे. म्हणजे संशयाला दोन कारणे मिळाली. म्हणून आपल्या घराण्याचा कागद उघड करावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाहेरच्याने आग्रह धरू नये. ज्याला त्याची किंमत मोजावी लागते त्यालाच तो हक्क आहे.

तोच कागद, दुसऱ्या कामाला

शेवटी व्यवहाराची गोष्ट, कारण बहुतेक पालक त्यासाठीच विचारतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत, तसेच मुस्लिमांसह छप्परबंदही आहेत. विमुक्त जाती प्रवर्गाला राज्यात ३ टक्के आरक्षण आहे. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी २००० चा कायदा आहे, आणि विमुक्त जातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आपल्या घरांत नेमकी येथेच अडचण येते. जुन्या शाळेच्या दाखल्यावर, जन्म-मृत्यूच्या नोंदीवर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. पुष्कळदा आपल्याच बुजुर्गांनी तसे लिहायला सांगितलेले असते. छप्परबंद म्हटले की पोलीस येतो, मुसलमान म्हटले की निदान हजेरी नाही, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्या काळी चुकीचा नव्हता.

आज मात्र त्या घरातली मुलगी डी.एड.ला, इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायला जाते तेव्हा तिला 'छप्परबंद' हा शब्द असलेला जुना कागद हवा असतो. तो शब्द ज्यांनी कधीही लिहायचा चुकवला नाही ते म्हणजे पोलीस, सेटलमेंटचे कारकून आणि कोर्ट. आजोबांना जखडून ठेवण्यासाठी जो रकाना भरला गेला, तोच नातीच्या हक्काचा पुरावा ठरू शकतो. म्हणून, कोणाच्या घरात पत्र्याच्या पेटीत सेटलमेंटचा पास, हजेरीचे पुस्तक, जुना समन्स, जामिनाची पावती असे काही असेल, तर ते शरमेने जाळू नये. त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवावा आणि घरातल्या मोठ्यांकडून त्यावर कोणाचे नाव आहे, ते नात्याने कोण, हे लिहून घ्यावे. कागद नसेल तर गाव, वडिलांचे नाव आणि अंदाजे साल एवढे घेऊन जिल्हा न्यायालयात नक्कलेसाठी अर्ज करावा, पुरालेखागारात विचारावे. मोडी वाचणारे लोक पुण्यात आहेत. त्यांची मदत मिळते.

आणि आम्हा शिक्षकांनाही यात एक काम आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मूल दाखल करताना आम्ही जातीच्या रकान्यात जे लिहितो, ते आणखी पन्नास वर्षांनी कोणाचा तरी पुरावा होणार आहे. पालकाने 'मुस्लिम' म्हटले की तेवढेच लिहून पान उलटणे सोपे असते. त्याऐवजी त्यांना बाजूला बसवून विचारावे: घराण्याचा पिढीजात धंदा काय, बिरादरी कोणती, आजोबा कुठून आले? ते सांगायला तयार असतील तर पुरावा पाहून तसे लिहावे. नसतील तर त्यांच्या मर्जीचा मान ठेवावा. कोर्टाच्या कारकुनाने आपल्या पूर्वजांना न विचारताच त्यांचे रकाने भरले. आपण भरताना निदान विचारून भरू.